वाकड्या साइटचं पिस्तूल

४ मार्च, मंगळवार

दुरुस्तीला पिस्तूल आलं. माझ्यापेक्षा वयानं मोठं, एका वेळी एकच गोळी घेणारं, नुसतं निशाणेबाजीसाठी बनवलेलं. नळी आतून लख्ख. घेऊन आले ते दातांचे डॉक्टर, पिस्तूल त्यांच्या आईचं. बाई सत्तरी ओलांडलेल्या, अजून क्लबात नेम मारतात. तक्रार एवढीच की नेम धरायची मागची साइट हलते. पुढच्या शनिवारी क्लबाची वार्षिक परीक्षा. नापास झालं की पिस्तूल क्लबात जमा, परत मिळत नाही. म्हणून घाई.

साइट कंपनीची नाहीच! कंपनी बुटकी, जागची न हलणारी खाच द्यायची. ही उंच, स्क्रूवर सरकणारी — नंतर कोणीतरी बसवलेली. कानामागून आली आणि तिखट झाली! त्यात उजवीकडे कललेली. नळीच्या टोकावरची, नेमाची पुढची माशीसुद्धा. मी विचारलं, "हे काम कोणी केलं? डोळे मिटून?" डॉक्टर म्हणाले, ओळखीतल्या एकानं. म्हटलं, त्याला सांगा, हातगाडीची चाकं बसव. डॉक्टर हसले नाहीत. ज्यांच्यासमोर माणसं नुसती आ करून पडतात, त्यांना विनोद ऐकायची सवय कुठून असणार.

६ मार्च, गुरुवार

सकाळ साइटची जात शोधण्यात गेली. वरचा भाग दुसऱ्याच कंपनीच्या पिस्तुलाचा. स्क्रूच्या आट्यांवरून ओळखला, माझ्या पेटीतला एकही स्क्रू त्याला लागेना. खालची बैठक मात्र कुठल्याच कारखान्यातली नाही. शिक्का नाही, नंबर नाही, हातानं घासलेली. तिच्याखाली पाचरीसारखा एक तुकडा — दुधाळ, काचेसारखा कडक. कसला, ते कळलं नाही. इतकी सुबक घासणी आणि बसवायला इतका आंधळा!

पाचर फोडून काढली. बैठक सपाट केली, माशी ताठ उभी केली, झिजलेल्या स्क्रूच्या जागी नवा कातून बसवला. गुण्या लावून पाहिलं. केसाचाही फरक नाही. बायको म्हणते, पाहुण्यांच्या घरी जाऊन भिंतीवरच्या फ्रेमा सरळ करणारा नवरा मिळालाय, पिस्तुलाचं काय घेऊन बसलात.

८ मार्च, शनिवार

डॉक्टर पिस्तूल घेऊन गेले. बराच वेळ साइटकडे बघत उभे होते. म्हणाले, "आईला ती तशीच सवयीची होती." मी म्हटलं, वाईट सवय मोडलेलीच बरी. त्यांनी पैसे मोजून दिले आणि पेटी बंद केली.

१५ मार्च, शनिवार

क्लबाच्या सेक्रेटरींचा फोन. काम दुसरंच होतं, पण बोलता बोलता म्हणाले, डॉक्टरांच्या आई नापास झाल्या. गोळ्या कागदभर विखुरलेल्या. "हात गेला त्यांचा." महिनाअखेरीला आणखी एक संधी, मग संपलं.

वय कोणाला चुकलंय. माझं काम चोख होतं.

१७ मार्च, सोमवार

बाई स्वतः आल्या. मी आजी म्हटलं तर म्हणाल्या, काकू म्हणा, आजी म्हणायला घरी दोन नातवंडं आहेत. पिस्तूल रिकामं असल्याचं आधी मला दाखवलं. मग हात लांब करून कोऱ्या भिंतीवर नेम धरला आणि म्हणाल्या, इथून बघा.

मागे उभं राहून पाहिलं. त्यांचं मनगट कधीकाळी मोडलेलं, पुरतं वळत नाही. त्यामुळे पिस्तूल हातात डावीकडे कलतं. मी सरळ केलेली साइटही त्याच्याबरोबर कलते. आधी ती उजवीकडे झुकलेली होती — म्हणजे काकूंच्या हातात बरोबर ताठ उभी राहत होती! आता ती सरळ दिसावी म्हणून त्या मनगट पिरगाळत होत्या, आणि हात थरथरत होता.

मला कळायला हवं होतं. पडून, आपटून वाकतं ते एक वाकतं. माशी आणि खाच दोन्ही सारख्याच कोनात कलली असतील तर ती कोणीतरी मुद्दाम कलवलेली असतात. शिकाऊ माणसालाही कळावं असं हे.

कोणी बसवली होती, विचारलं. "आमच्या पोरानं. कवळ्या घासायच्या मशीनवर." आणि ती पाचर दातात सिमेंट भरतात त्याची. मग डॉक्टर तेव्हाच का बोलले नाहीत, मी विचारलं.

"तुम्ही हसलात म्हणे. त्याला वाटलं, तुम्ही जाणकार, आपलंच चुकलं असणार."

उचलली जीभ लावली टाळ्याला! लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

१८ मार्च, मंगळवार

कचऱ्याचा डबा उपसला. पाचरीचा तुकडा मिळाला नाही. बायकोनं विचारलं, काय हरवलंय. म्हटलं, अक्कल.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. गाल धरून बसलेल्यांच्या रांगेत नंबर लावला. आत गेल्यावर असिस्टंट बाईंनी थेट खुर्चीत आडवं केलं, गळ्याला कागद बांधला! तसाच पडल्या पडल्या म्हणालो, "तुमचं काम बरोबर होतं, डॉक्टर. मी ते मोडलं."

ते हातमोजे काढत राहिले. मग म्हणाले, तो कोन पुन्हा जमेल की नाही सांगता येत नाही, तेव्हा आईच्या मुठीचा साचा घेतला होता, तो राहिला नाही. म्हटलं, नवा घेऊ. धातूचं मी बघतो, कोन तुम्ही बघा. निघताना म्हणाले, तुमची एक दाढ किडली आहे.

२३ मार्च, रविवार

दिवसभर दोघं वर्कशॉपमध्ये. कवळीचं माप घ्यायचा गुलाबी लगदा डॉक्टरांनी आणला. काकूंनी पिस्तूल धरून मूठ त्यात दाबली. म्हणाल्या, हाताला दात फुटले तर दोघांना चावेन. साच्यावरून कोन काढला. पाचर डॉक्टरांनी केली, बैठक, स्क्रू आणि माशी मी. त्यांची घासणी माझ्याहून नाजूक आहे. तसं तोंडावर सांगितलं. लाल झाले.

टेबलावर ठेवलं की साइट वाकडी दिसते. माझे हात शिवशिवतात. काकूंनी उचललं की सरळ.

२९ मार्च, शनिवार

पास!! गोळ्या सगळ्या बशीखाली झाकल्या जातील एवढ्यात. सेक्रेटरी कागद उलटसुलट करून बघत होते. डॉक्टर काचेमागे उभे, चष्मा पुसत होते, पुन्हा पुन्हा. मला फार आनंद झाला. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, माझ्या मूर्खपणासकट.

३१ मार्च, सोमवार

काकू सकाळी येऊन गेल्या. पिस्तूल आजच क्लबात जमा केलं म्हणे. स्वतःहून, कायमचं. का, विचारलं. काकू म्हणाल्या, "मनगट वर्षभर ठणकतंय. सोडायचंच होतं मला. पण नापास होऊन सुटलं असतं, तर पोरगा जन्मभर मनाला लावून बसला असता, की त्या दिवशी तुमच्यापुढे आपणच तोंड उघडायला हवं होतं."