अल्फियाचं सहावं पान

अल-खोबर (सौदी), बुधवार, इशाच्या नमाजाआधी

आज सकाळी ऑफिसात अल्फियाचे कागद प्रिंट केले. ती आमच्या गावच्या, इथेच राहणाऱ्या दाऊदची मुलगी. पोलंडला शिक्षक घडवणारं एक विद्यापीठ आहे, तिथल्या प्रवेशासाठी उद्या तिची ऑनलाइन मुलाखत आहे. दुपारी तिला पाच पानं दिली. सहावं ठेवून घेतलं. त्यावर तिथल्या विभागाचा इतिहास होता, आणि मुलाखतीत यावरच विचारतील, असं वर लिहिलं होतं.

का ठेवलं? डीएडच्या यादीत माझंही नाव लागलं होतं. त्याच आठवड्यात व्हिसा आला आणि अब्बा म्हणाले, जा. तेव्हापासून इथे गोदामातला माल लिहितोय. त्या पानावर आहे की पहिल्या तुकडीने बसायला बाक घरून वाहून आणले. गावच्या शाळेत मी गोणपाटावर बसलो. बाक मीही आणला असता.

पानं घेताना अल्फियाने विचारलं, "चाचा, हिस्टरी वगैरे पूछेंगे क्या?"

"छे! कोण विचारतंय?"

दाऊद हसला. "ऐक गं, आमचा मास्तर सांगतोय. राहून गेलेला मास्तर!"

असरच्या नमाजात कपाळ टेकवलं, तर तिथेही ते बाकच. त्या पोरीवर जळतोय मी? माझ्या मांडीवर वाढलेल्या?

संध्याकाळी मगरिबची नमाज पढून सरळ दाऊदकडे गेलो. "बेटा, हे पान माझ्याकडे राहिलं होतं." मग जीभ अडखळली. "राहिलं नव्हतं. मीच ठेवलं होतं. उद्या हेच विचारणार आहेत."

मी पान तिच्या हातात दिलं, शेजारी बसलो आणि बाकांच्या ओळीपासून तिला समजावून सांगितलं.