बारवेचं पाणी आणि अक्काचे गुडघे

तीर्थरूप बायनाअक्कास,

धाकट्या महारुद्रचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तिकडे पुण्यात तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट, सगळं ताळ्यावर असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल. फोन सोडून पत्र का, म्हणशील. तर न पटणारं काही निघालं की तू "हॅलो, हॅलो, आवाज येईना" म्हणून फोन ठेवतेस. कागदाला तसं करता येत नाही.

हकीकत आपल्या बारवेची आहे. तू लग्न होऊन गेलीस तेव्हाची बारव डोळ्यांपुढे आणू नकोस. आधी नळ आले, मग घरोघर बोअर झाले, आणि गावाने बारवेत कचरा टाकायला घेतला. पायऱ्यांवर वेड्या बाभळी माजल्या. गेल्या उन्हाळ्यात निम्मे बोअर कोरडे पडले, टँकर यायला लागला, आणि नेमका तेव्हाच ग्रामसभेत विषय निघाला, की बारव मुरूम टाकून बुजवावी आणि वर लग्नकार्यासाठी ओटा बांधावा. माना हलायला लागल्या होत्या. तेवढ्यात धम्मशीला उठली (गावची सून, अंगणवाडी चालवते, आवाज एसटीच्या हॉर्नसारखा). "टँकरपुढं घागरीवरून भांडायलाव आन् हिकडं बारव बुजवायलाव? आधी गाळ तर काढून बघा!" लिंबाजी म्हणाला, "तिच्यात पाणी ऱ्हायलंय कुठं?" मग मात्र मला राहवलं नाही. उठलो आणि बोललो (राजेश्रीच्या मते पाऊण तास. बायकोचं घड्याळ नवऱ्याच्या बाबतीत नेहमीच पुढे असतं). तळाला पडलेलं नाणं वरून कसं दिसायचं, वैशाखातही पाणी कसं गार लागायचं, आणि माझी अक्का कोनाड्यावरून सूर मारायची तेव्हा शिंतोडासुद्धा कसा उडायचा नाही, सगळं सांगितलं. माना हलायच्या थांबल्या. विषय मागे पडला, आणि गाळाचं टोपलं धरायला पहिलं नाव माझं लागलं.

मग दर रविवारी निम्मं गाव पायऱ्यांवर साखळी करून उभं राहायचं. गाळातून काय काय निघालं म्हणतेस! पडलेल्या उमेदवारांच्या पाट्या, एक रेडिओ, आणि लिंबाजीची सायकल. ती चोरल्याचा आळ त्याने सख्ख्या मेव्हण्यावर घेतला होता आणि त्या घरचं पाणी वर्षानुवर्षं प्यायला नव्हता. चाकाला कुलूप तसंच होतं. लिंबाजीने ते हलवून बघितलं. मग म्हणाला, "किल्ली घरी हाय." पण घरी गेला नाही. सायकल खांद्यावर घेऊन सरळ मेव्हण्याच्या दाराकडे निघाला.

असंच एकदा उगवतीच्या कोपऱ्यात माझं फावडं रुतलं. ओढून काढलं तर खड्ड्यात पाणी. आधी वाटलं, कोणाची बाटली सांडली. पण ते वाढायला लागलं. मी चप्पल काढून त्यात उभा राहिलो, अक्का. गढूळ होतं, पण तेच गार पाणी. घोट्याला लागलं आणि वरून आई जेवायला हाक मारते आहे असं वाटून मी खरंच वर बघितलं.

पावसाळ्यानंतर बारव भरली. मोटार टाकायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, असं गावाने ठरवलं. इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग मी उडी मारली.

कुणी सांगितलं नव्हतं. गाव बघायलंय, पाणी चमकायलंय, आणि माझ्या अंगात दहा वर्षांचा महारुद्र आला. सूर मारायला गेलो, पोट आपटलं (आवाज शेजारच्या झरी गावापर्यंत गेला म्हणतात), पायात गोळा आला आणि मी खाली. लिंबाजीने बैलाचा कासरा टाकून ओढून काढलं. त्या दिवसापासून आयांनी लेकरांना बारवेकडे फिरकू देणं बंद केलं. आता लोक म्हणायलेत, लोखंडी जाळी टाकून कुलूप लावा. धम्मशीला घरी आली, चहासुद्धा घेतला नाही. म्हणाली, "काका, कुलूप लागलं की दोन सालात परत उकिरडा. लेकरायला पोहता आलं तरच बारव ऱ्हाईल. आन् पोरींला शिकवायला बाईमाणूसच पायजे." मी म्हणालो, "बघू."

तर असं आहे. ज्वारी बरी आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा
महारुद्र

ता. क. जाळीवाला सोमवारी मापं घ्यायला येणार आहे. आणि मी धम्मशीलाला नुसतं "बघू" म्हणालो, हे तितकंसं खरं नाही. तू शनिवारी येतेस असं देवळाच्या भोंग्यावरून सांगून झालंय. पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आहे, गुडघ्यांना फार उतरावं लागणार नाही.

आणखी ता. क. पाकीट बंद करायलो होतो, तर कडूबाई दारात आली. धम्मशीलाची आजेसासू, तुझ्याच वयाची. म्हणाली, "बायनाबाईला लिव्हा, माझं बी नाव घ्या." मला हसू आलं. म्हणालो, "कडूबाई, या वयात? लहानपणी का नाही शिकलात?" ती म्हणाली, "तुमी पोहायचे तवा आमी वर घागर घिऊन उभ्या ऱ्हायचो. कुणी वरून वतलं तर पाणी. पायरीला पाय लावू देत नव्हते आमाला."

मी पाकिटातून पत्र परत बाहेर काढलं. ती तोवर पोहताना लुगडं कसं खोचायचं, ते विचारत होती. मला ते माहीत नाही, अक्का. तू ये.