किरकोळ दोषांसह वापरास योग्य

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात जमिनीपर्यंत पोहोचलो नाही, पण भावना पोहोचली असं धर). तुझी पाठ कशी आहे? भावोजींना नवा चष्मा मानवला का, की अजून जुना नाकावर ठेवून नवा शोधत फिरतात? आम्ही दोघं बरे आहोत. विशेष काही नाही, सहज आठवण आली म्हणून लिहितोय. आठ महिन्यांपूर्वी आपलं बोलणं चालू असताना मध्येच लाइन गेली. (लाइन गेली नव्हती. मी फोन ठेवला होता. आपटायचाच होता, पण स्वतःचा मोबाईल आपटवेना.) मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय असं मी सांगितलं आणि तू म्हणालीस, अरे, तुझं तुला धड सांभाळता येत नाही. तेव्हा फार राग आला. आता अख्खी सरकारी यंत्रणा तेच म्हणायला लागल्यावर तू एकटीच चुकीची असशील असं काही वाटत नाही.

तुला माहीतच आहे, गेली बावीस वर्षं मी लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासतो. टॉर्च घेऊन जायचं, दोर बघायचे, दार दहा वेळा उघडमीट करायचं आणि दोष लिहून काढायचे. मला बघून लोक आधी घाबरतात आणि मग चहा मागवतात. आता या दत्तकाच्या कामात पहिली पायरी अशी, की अर्जाबरोबर आपली माहिती आपल्याच शब्दांत लिहून द्यायची. माझे शब्द म्हणजे तरी कुठले? बावीस वर्षांत मी दुसऱ्या तऱ्हेचं काही लिहिलेलंच नाही. मी लिहिलं: वय त्रेचाळीस. झीज वयाला साजेशी. सकाळी सुरू होताना आवाज करतो. हाक मारल्यास प्रतिसाद उशिरा. राग क्वचित येतो, पण आला की मधल्या मजल्यावर थांबत नाही. किरकोळ दोषांसह वापरास योग्य. बायकोने न वाचताच खाली सही केली (एकोणीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर एवढा विश्वास एकदाच टाकला).

मग घर बघायला समाजसेविका बाई आल्या. वयाने लहान, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं गोड. घर आम्ही चार दिवस घासून लख्ख केलं होतं. (बायकोने केलं होतं. मी वाटेत येत होतो.) बाईंनी बाल्कनीत डोकावल्यासारखं केलं, छान आहे म्हणाल्या आणि वळल्या. ताई, तपासणी अशी असते का गं? मला राहवेना. म्हटलं, मॅडम, कठडा हलवून तरी बघा. त्यांनी हलवला. तो हलला. मग मला चेवच चढला. त्यांच्या हातात टॉर्च देऊन मी त्यांना ओट्याखाली वाकवलं, भिंतीला न बांधलेलं कपाट ढकलून दाखवलं, मुलाच्या हाताला येईल अशा खणातली औषधं दाखवली, न्हाणीघराची कडी आतून कशी अडकते ते आत कोंडून घेऊन सिद्ध केलं. बायको मागून माझा शर्ट ओढत होती. मला वाटलं, कौतुकाने. सतरा दोष निघाले. अठरावा मी जिन्यात बाईंना गाठून सांगितला. फाईलवर शेरा पडला, घर असुरक्षित, पुन्हा भेट तीन महिन्यांनी. बायको चार दिवस माझ्याशी फक्त दूध संपलं एवढंच बोलली, तेही दूध शिल्लक असताना.

हसण्यासारखं एवढंच. आम्ही घरी आणणार आहोत ती मुलगी चार वर्षांची आहे. शनिवारी ती राहते त्या संस्थेत भेटायला गेलं की बूट घालून, पट्टे लावून तयार बसलेली असते. त्या शनिवारी तिला सांगावं लागलं, अजून तीन महिने. मी सांगणार होतो, पण शेवटी बायकोनेच सांगितलं. मुलीने पट्टे सोडून बूट काढले. मला आयुष्यात स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. अठराच्या अठरा दोष मी स्वतःच्या हाताने दुरुस्त केले (एक नख गेलं, पण आता एक वेळ भिंत पडेल, कपाट पडणार नाही).

दुसऱ्या भेटीत बाईंनी काहीच हलवून पाहिलं नाही. समोर बसून एवढंच विचारलं, की तुम्हा दोघांना काही झालं तर मुलीचं कोण? आमच्या कामात दोर तुटला तर लिफ्ट धरून ठेवणारा वेगळा ब्रेक असतो. तो नसेल तर मी सरळ कुलूप लावून येतो. त्यामुळे प्रश्न रास्त आहे हे मला लगेच पटलं, आणि आपल्याकडे उत्तर नाही हेही. असो. बाकी सर्व ठीक. पाठ शेकत जा. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. उत्तर नाही असं वर लिहिलंय ते खोटं. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी तुझं नाव सांगून मोकळा झालो. सोबत फॉर्म आहे. आम्हाला काही झालं तर मुलीला तू सांभाळशील, असा मजकूर आहे. सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे. गुरुवारी न्यायाधीशांपुढे जायचंय, त्याआधी हवा.

आणखी ता. क. नातेवाइकाशी संबंध कसे आहेत, या रकान्यात मी अत्यंत सलोख्याचे असं लिहिलंय. बायको म्हणते, खरं काय ते लिहा. खरं सांगून मी एकदा तीन महिने घालवलेत.

शेवटचा ता. क. फोन ठेवला ते माझं चुकलंच. सही करणार नसशील तर फॉर्म टपालाने परत पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. परवा मुलीने विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? आम्ही दोघंच म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला (दोन माणसं तिला कमी वाटली असावीत), म्हणून मी सांगून बसलोय, की आत्या पण आहे. गुरुवारी घरी आली की ती आधी तुला शोधणार आहे.