अण्णांची बाजाची पेटी

चि. रामलिंग,
रागातले असले तरी आशीर्वाद.

इकडं लातूरला समदे बरे हायत. आईचे गुडघे कसे हायत?

अण्णांची बाजाची पेटी विकू का, म्हणून विचारलंस. शेताच्या हक्कसोडीवर माझी सही घेतलीस तेव्हा मी म्हणले होते, साडी-चोळी नको, पेटी तेवढी दे. "तुझीच हाय ताई, घर बांधलं की ने," म्हणालास. आमचं घर बांधून सहा वर्षं झाली. दर दिवाळीला पेटीचं नाव काढलं की तू उठून जातोस.

विक. सही लागत न्हाई. फक्त झाकणावर अण्णांनी माझं नाव कोरलंय, ते आधी घासून काढ. पॉलिश पेपर नसला तर कळव, पाठवते.

आईला जप.

तुझी ताई,
सुकन्या