कडीच्या पाठीवरची तारीख

हा कागद लिहायला मला फार उशीर झाला, त्याबद्दल तो ज्यांच्या हाती पडेल त्या सर्वांची आधीच माफी मागतो. याआधी तीनदा लिहायला घेतला आणि तीनदा फाडला. दर वेळी चौथ्या कलमाशी आलो की हात थांबायचा.

मी, ऑर्व्हिल स्टॅम्पर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार लॉरेल फोर्क, केंटकी, गावच्या प्राथमिक शाळेचा निवृत्त देखभाल कामगार, शिक्षण सातवीपर्यंत, असे लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे, हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिले आहे आणि याआधी केलेले दुसरे मृत्युपत्र नाही. छाती धडधडते आहे, पण ती नेहमीच धडधडते. डॉक्टरांना दाखवून झाले आहे.

कलम १. माझे राहते घर, परसासकट, माझ्या भावाची मुलगी डार्ला हिला द्यावे. चुलीच्या वर छत गळते. त्यासाठी आणलेला पत्रा मागच्या पडवीत उभा करून ठेवला आहे, तो भंगारात घालू नये. परसातले पॉपॉचे झाड माझ्या बायकोने, ओपलने लावलेले आहे. त्याला हात लावू नये. फळे मात्र डार्लाने वेळेवर उतरवावीत, नाहीतर सगळी रॅकून खातात.

कलम २. माझी हत्यारे हायस्कूलच्या सुतारकामाच्या वर्गाला द्यावीत. रंधा मुलांना पहिल्याच दिवशी देऊ नये. तेलाची लहान कुपी मात्र कोणालाही देऊ नये, ती माझ्याबरोबर पुरावी. कारण पुढे येईल.

कलम ३. कपाटात निळ्या डबीत एक मनगटी घड्याळ आहे. ते आमचे जुने मुख्याध्यापक पर्व्हिस हेन्सली यांना, ते ज्या वृद्धाश्रमात असतील तिथे, परत पाठवावे. त्यांनी ते मला भर सभेत दिले होते. मी एकदाही बांधले नाही. सोबत चिठ्ठी नको, त्यांना कळेल.

कलम ४. खाटेखाली तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात एक लोखंडी कडी आणि चार स्क्रू आहेत. ते वकील रोझलिंड टॅकेट यांना द्यावेत. कडी का द्यायची ते इथे लिहिले नाही तर या मृत्युपत्राला काही अर्थ नाही, म्हणून लिहितो.

१९९८ साली आमच्या शाळेत केंड्रा स्लोन नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. ती बोलत नसे, गुणगुणत असे. वर्गात ती आवरत नाही म्हणून हेन्सलींनी मला चौदा नंबरच्या वर्गालगतची खेळाच्या सामानाची खोली रिकामी करायला सांगितली, आणि दाराला बाहेरून कडी लावायला सांगितली. मी लावली. दहा मिनिटांचे काम. त्या खोलीला सगळे 'शांत खोली' म्हणू लागले. केंड्राला तिथे कोंडायचे. खोलीला खिडकी नव्हती.

मी व्हरांडा पुसत तिथून जायचो. माझ्या बादलीचे एक चाक करकरायचे. ते ऐकू आले की केंड्राचे गुणगुणणे थांबायचे आणि ती आतून बुटाने दार ठोकायची. कोणीतरी आले असे तिला वाटत असणार. मी दार उघडले नाही. मी चाकाला तेल घातले. नंतर मी गेलेला तिला कळत नसे. कलम २ मधली कुपी तीच.

केंड्राची आई व्होंडा ही वकील टॅकेटबाईंकडे गेली. बाई तेव्हा चौतिशीच्या असतील. त्यांच्या कचेरीच्या काचेवर सोनेरी अक्षरांत तीन ओळी होत्या: शिक्षण. विशेष शिक्षण. नोकरी. मधल्या ओळीसाठी, म्हणजे केंड्रासारख्या मुलांच्या शिकण्याच्या हक्कासाठी, आसपासच्या तीन काउंट्यांतून लोक यायचे, पोरांचे कागद सफरचंदाच्या खोक्यात भरून. अशा मुलाला काय आणि कसे शिकवायचे हे ठरवायला शाळेत बैठक असली की खुर्च्या मी मांडायचो. शाळेची सात-आठ माणसे टेबलाच्या एका बाजूला, आई एकटी दुसऱ्या बाजूला. टॅकेटबाई आल्यापासून आईच्या बाजूला मी दोन खुर्च्या मांडू लागलो.

मुलीला कोंडतात अशी तक्रार व्होंडाने केली. तिची सुनावणी शाळेच्या ग्रंथालयात झाली. आदल्या दिवशी हेन्सलींनी मला बोलावले. म्हणाले, "ऑर्व्हिल, कडी कोणाच्या हाताने लागली?"

"माझ्या. तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी सांगितल्याचा कागद आहे का तुझ्याकडे? नाही ना? मग तुझ्याच हाताने लागली. ओपलची औषधं शाळेच्या विम्यावर आहेत, विसरू नकोस. खेळाचं सामान असल्यापासून कडी तिथंच होती, एवढंच तर म्हणायचंय."

ओपलची मूत्रपिंडे तेव्हा निकामी होत चालली होती. हे मी कारण म्हणून लिहितो. सबब म्हणून लिहायची माझी लायकी नाही. तिला हे कळले असते तर तिने ती औषधे मोरीत ओतली असती.

टॅकेटबाईंनी मला शपथेवर विचारले, "मिस्टर स्टॅम्पर, कडी कधी बसवली?"

"ती आधीपासूनच होती, बाई."

"खोलीत मुलीला ठेवायला लागायच्या आधीपासून?"

"हो. चेंडू चोरीला जायचे."

"तुम्ही काही बसवलं की त्याची नोंद कुठे करता का?"

"वही ठेवत नाही, बाई. मला लिहायला फारसं जमत नाही."

चार माणसे हसली. मीही हसलो. वही ठेवत नव्हतो हे खरे होते. पण माझ्या बापाने मला एक सवय लावली होती: जे काही बसवशील त्याच्या पाठीवर खिळ्याने तारीख आणि आपली अक्षरे खरडायची, म्हणजे वस्तू किती टिकली ते पुढच्या माणसाला कळते. बिजागरी असो, नळाची चकती असो, मी खरडल्याशिवाय लावत नसे. कडीच्या पाठीवरही तारीख होती. बाई माझ्यासमोर उभ्या होत्या आणि त्यांचा पुरावा त्यांच्यापासून चाळीस पावलांवर चार स्क्रूंनी दाराला धरलेला होता.

कडी मुलीसाठी बसवली हे सिद्ध झाले नाही, आणि व्होंडा हरली. त्याच संध्याकाळी मी कडी काढली, भोके भरली, वर रंग दिला. आठवडाभरात स्लोन कुटुंब सामान बांधून ओहायोत डेटनला गेले. दोन महिन्यांनी मी मुख्य देखभाल कामगार झालो, आणि त्या सभेत हेन्सलींनी मला घड्याळ दिले. कलम ३ मधले घड्याळ तेच. ओपल त्यानंतर पाच वर्षे जगली.

बैठकांना टॅकेटबाई पुन्हा कधी आल्या नाहीत. मी सवयीने दोन खुर्च्या मांडत राहिलो. दुसरी रिकामीच उचलायचो.

२००९ साली माझी पाठ दुखावली. शाळेने मला काढून टाकले. म्हणाले, हा बॉयलरच्या खोलीत झोपतो, वर्षानुवर्षे दुरुस्ती केलेली नाही. आमच्या भागात नोकरीची भांडणे चालवणारी वकील एकच होती. दोन दिवस गाडी तिच्या कचेरीसमोरून नुसतीच नेली, तिसऱ्या दिवशी आत गेलो. काचेवर आता दोनच ओळी होत्या. मधली पात्याने खरवडून काढलेली, पण ऊन पडले की अक्षरांच्या खुणा दिसत.

मी विचारले, "मधली ओळ कुठं गेली?" कशाला विचारले ते देवालाच ठाऊक.

बाई म्हणाल्या, "एका आईला मी सांगितलं होतं की आपण जिंकू. माझ्याकडून काहीतरी बघायचं राहून गेलं. दुसऱ्या आईला तेच सांगायला तोंड राहिलं नाही. बरं, तुमचं काय झालं ते सांगा."

त्यांनी मला ओळखले होते. तरी खटला घेतला. काम केल्याचा पुरावा काय, असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्या तोंडून सवयीची गोष्ट निघून गेली. प्रत्येक वस्तूच्या पाठीवर तारीख, म्हणालो. बाईंनी पेन खाली ठेवले. मान वळवून काचेवरच्या खरवडलेल्या ओळीकडे बघितले. मग पेन उचलून म्हणाल्या, "प्रत्येक वस्तूच्या?"

"प्रत्येक, बाई."

त्यांनी शाळेत जाऊन, अधिकाऱ्यासमोर, माझ्या सदतीस वस्तू उलट्या करून तारखा दाखवल्या. चौदा नंबरच्या लगतच्या दाराशी त्या थांबल्या. भरलेल्या चार भोकांवरून बोट फिरवले आणि पुढे गेल्या. नंतर सुनावणीत माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "या माणसाचं काम खोटं बोलत नाही." माझे निवृत्तिवेतन मला मिळाले. आज घरात चूल पेटते ती त्या तारखांवर, ज्या केंड्राला मिळाल्या नाहीत.

त्यांना कळले होते की नाही, हे पंधरा वर्षे माझ्या डोक्यात फिरते आहे. कळले असेल तर मला काहीच का बोलल्या नाहीत? मी त्यांचा अशील होतो म्हणून? आणि कळले नसेल तर त्या आजही समजतात की चूक त्यांची होती. चूक त्यांची नव्हती. त्यांनी नेमका प्रश्न विचारला होता.

कलम ५. माझी शिल्लक आधी काचेवरची मधली ओळ पुन्हा रंगवून घ्यायला वापरावी, आणि उरेल ती ज्या आयांना दुसऱ्या खुर्चीवर कोणी हवे आहे त्यांच्या कामी लावावी. टॅकेटबाईंनी नकार दिला तर ती डार्लाला जावी. यातले काही केंड्राला ठेवावे असे आधी लिहिले होते. नंतर हे वाचताना डार्ला म्हणाली, "काका, कडीची किंमत लावताय का?" म्हणून खोडले.

कलम ६. मला ओपलशेजारी पुरावे. पास्टरने माझ्याबद्दल 'प्रामाणिक' हा शब्द वापरू नये. त्याला ही सवय आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

कलम ७. हे कलम नंतर घातले आहे. रविवारी डार्ला उसळ आणि मक्याची भाकरी घेऊन आली, जेवण बाजूला ठेवून तिने वरचे सगळे वाचले आणि म्हणाली, "हे तुम्ही मेल्यावर उघडायचं?"

"मृत्युपत्र आहे, दुसरं कधी उघडतात?"

"म्हणजे बाईंनी उलट प्रश्न विचारायचे कोणाला? थडग्याला?"

मी म्हणालो, "मला भीती वाटते गं."

"वाटणारच. मेल्यावर कोणी काही विचारत नाही, म्हणून तर एवढं सगळं छान लिहिलंय तुम्ही. काका, अजून चाकाला तेलच घालताय."

भाकरी गार झाली. आम्ही दोघेही जेवलो नाही.

म्हणून कलम ४ मी इथे बदलतो. कडीसाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. येत्या सोमवारी डार्लाने कडी, स्क्रू आणि या कागदाची प्रत टॅकेटबाईंच्या हातात द्यावी. कडीची पाठ मी पुसलेली नाही. अक्षरे वाचता येतात. जुन्या निकालाचे आता काही होऊ शकते का, हे मला समजत नाही. ते ठरवणे बाईंच्या हाती. मी जिवंतपणी, शपथेवर, कोणासमोरही खरे सांगायला तयार आहे. केंड्रा आता पस्तिशीची असेल. तिला हे ऐकायचे असेल तरच सांगावे. ऐकायचे असेल तर एवढे जरूर सांगावे की दारापलीकडे माणूस होता, आणि तिचे ठोकणे त्याला ऐकू येत होते.

सही: ऑर्व्हिल स्टॅम्पर
लॉरेल फोर्क, केंटकी. ११ मार्च २०२४

साक्षीदार: १. एल्वुड प्रॅटर, शेजारी. २. नेडा हॉलब्रूक, ग्रंथपाल. (डार्लाला घर मिळते आहे, म्हणून तिची साक्ष चालत नाही. हे टॅकेटबाईंनीच एकदा सांगितले होते.) दोघांनीही वाचून सही केली. एल्वुडने सही करताना माझ्याकडे बघितले नाही.

टॅकेटबाई, सोमवारी डार्ला कचेरीत उत्तरासाठी थांबेल. तुम्हाला तेव्हा कळले होते का, एवढे तिच्याजवळ सांगा. लिहून नको असेल तर तोंडी हो किंवा नाही पुरे. आणि साक्षीला कधी यायचे तेही कळवा. लवकर कळवा, बाई. मी फोनजवळची खुर्ची सोडणार नाही.