उजवीकडून सुरुवात

टांटा, ४ नोव्हेंबर १९९४

ती. सफिनाझताईस,
सा. सलाम, वि. वि.

फोन सासूबाईंच्या खोलीत, म्हणून हे पत्र. राविया नव्या इंग्रजी शाळेत गेल्यापासून गणिताच्या दिवशी सकाळी ओकते. अरबी शाळेत हिला पैकीच्या पैकी मिळायचे गं! परवा गणिताच्या मास्तरांनी, उस्ताद फिकरींनी, फळ्यावर तीन वजा आठ घातलं, हिने पाच लिहिलं. तर तिला कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं केलं आणि विचारलं, गाढवांना कधीपासून प्रवेश मिळायला लागला. वर घरी निरोप, की संध्याकाळी माझ्या शिकवणीला पाठवा, नाहीतर नापास समजा. पोरीला औषधांचं दुकान काढायचं होतं, आता म्हणते शाळाच नको.

मी समजूत घातली, की आपल्या घरात बायकांना गणित येतच नाही. तू जिल्ह्याची गणित तपासनीस, तुझं सोड. काल मुलुखियाच्या पालेभाजीचा लसूण करपला, इतकं माझं डोकं ठिकाणावर नाही.

माया आहे तशीच ठेव.
तुझी इनायत

महल्ला, ८ नोव्हेंबर

चि. इनायत हिस,
अ. उ. आ.

लसूण तुझा नेहमीच करपतो, त्याचं खापर फिकरीवर फोडू नकोस. बाकी सगळं मात्र त्याच्या माथी मारते मी. अगं, अरबी शाळेत गणित उजवीकडून मांडतात, इंग्रजीत डावीकडून. पोरीने सवयीने आठ वजा तीन वाचलं आणि बरोबर सोडवलं! हे त्याला कळत नाही? चांगलं कळतं. पण मुलं घाबरली नाहीत, तर त्याची शिकवणी भरायची कशी?

आणि तुला काय म्हणू? बाईला गणित येत नाही हे पोरीच्या डोक्यात तूच भरवलंस. तुझा समाचार मी ईदला घेईन. त्याचा आधी. तपासणीला कुठल्या शाळेत जायचं ते मीच ठरवते. मी तिची मावशी, हे तिथे कुणाला कळता कामा नये. असा उतरवते त्याचा तोरा, की जन्मभर लक्षात ठेवील.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
सफिनाझ

टांटा, २५ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. सलाम.

तू वर्गात आलीस तेव्हा मी ओळख दाखवली नाही. उस्ताद नुसते चहा मागवू का, चहा मागवू का करत होते. तू अरबी शाळेसारखी उजवीकडून, एका ओळीत लांबलचक वजाबाकी मांडलीस आणि तसं न सांगता म्हणालीस, सोडवा. त्यांनी घाबरून, सवयीने डावीकडून सुरुवात केली. चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तू गोड आवाजात म्हणालीस, डब्याजवळ उभे राहून विचार करा, मुलंही तिथेच करतात ना. सगळा वर्ग हसला. ते खडू हातात धरून डब्याजवळ जाऊन उभे राहिले. माझं अगदी असंच व्हायचं.

आई म्हणते, तुझा राग फार वाईट. पण तुझ्यासाठी बसबूसाची गोड वडी तिनेच केलीय, सोबत पाठवतेय. शिकवणीचं आता कुणी नाव काढत नाही. गणिताच्या दिवशी मी पोटभर खाऊन जाते.

एक गोष्ट आईला सांगितली नाही. वर्गात अरबी शाळेतून आलेली मी एकटीच. डब्याजवळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी विनवणी केल्यासारखं. उजवीकडून, एवढं नुसत्या ओठांनी सांगितलं असतं तरी सुटले असते. मी तोंड मिटून त्यांच्याकडे बघत राहिले, घंटा होईपर्यंत.

मावशी, मला फार बरं वाटलं. अजून वाटतंय.

मलाही तुझ्यासारखंच व्हायचंय.
तुझी राविया