तिसऱ्या वर्षाचं पत्र

दि. १४ जून

प्रिय धाकटे,

प्रभूमध्ये सलाम. तू बरी असशील अशी आशा आहे. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांना मी पत्रात जागा देत नाही. मास्तरांना माझा सलाम सांग. अजून त्यांच्याशी पाटीवर लिहूनच बोलत असशील, तर मोठ्या अक्षरात लिहून दाखव.

चार महिने पत्र नाही, याचं कारण आळस नव्हे. तो शाळेतल्या नन्सनी पट्टीने झोडून काढला, तो पुन्हा काही अंगाला लागला नाही. कारण असं, की मला पुन्हा कामाला जुंपलं होतं. परक्या मुलखात सेवेला जाणाऱ्यांना जिथे मी एकतीस वर्षं तयार केलं, आणि तुम्हा नवराबायकोलाही जिथून मीच पाठवलं, त्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात आता नवी संचालिका आली आहे. वयाने माझ्या निम्मी, बोलायला गोड. घरी येऊन म्हणाली, "बाई, तुमचा अनुभव आम्हाला हवाय."

"मग मी निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं कुठे होता?" मी विचारलं.

ती हसली. हसण्यावारी नेणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांच्याशी धड भांडता येत नाही. गेले मग.

केंद्र ओळखू येत नाही गं. जेवणाचं लांब टेबल गेलं. आता गोल टेबलं आणि प्रत्येकावर कागदी फुलं. यंदा उमेदवार अकरा, आणि अकराही जणांच्या बॅगांना चाकं. जिथे जायचंय तिथे रस्ता आहे का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. वर्गात पडद्यावर चित्रं दाखवतात. एका चित्रावर लिहिलं होतं, 'परक्या संस्कृतीचा धक्का : पाच टप्पे'. मी संचालिकेला म्हटलं, टप्प्याटप्प्याने बसत असता तर त्याला धक्का कशाला म्हटलं असतं? तिने ते वहीत टिपून घेतलं. आता पुढच्या वर्षी तेही पडद्यावर येईल.

पण माझा मुक्याचा आठवडा मी त्यांना रद्द करू दिला नाही. तोच जुना नियम: सात दिवस आपली भाषा बंद. केंद्रातली माणसं आम्ही बनवलेल्या भाषेत बोलणार, आणि ज्याला त्या भाषेत पोळी मागता येणार नाही, त्याला पोळी नाही. तिसऱ्या जेवणाला एका तरुण पाळकाने हात टेकले. "बाई, निदान मीठ तरी द्या!"

"मीठ मागता येत नाही आणि प्रभूचं तारण सांगायला निघालात?" मी म्हटलं.

मजा आली, खोटं कशाला बोलू. मास्तरांची आठवण झाली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकीणबाईंना त्या खोट्या भाषेत हसवलं होतं. एकतीस वर्षांत तसा कान मी दुसरा पाहिला नाही.

असो.

शेवटच्या दिवशी प्रश्न विचारायची मुभा होती. एक नर्स आहे, नवऱ्याबरोबर जाणारी. तोवर वर्गात तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. ती उठून म्हणाली, "बाई, तिथे आमचं काही बिघडलं आणि आम्ही तसं लिहिलं, तर ते पत्र नक्की कोण वाचतं?"

"समिती," मी म्हटलं.

"सगळी समिती?"

"सगळी."

ती बसली. तिचं समाधान झालेलं दिसलं. मी वर्ग पाच मिनिटं आधीच सोडला.

तुझं उत्तर संचालिकेने मला दाखवलं. तिने तुला उमेदवारांशी बोलायला बोलावलं, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर बोलावू दिलं नसतं. तू लिहिलंस, 'ज्यांनी माझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्यांच्या दारात मी पाय ठेवणार नाही.' बास, एवढंच. सही करताना पेन कागदातून आरपार गेलेलं.

ती बिचारी दोन दिवस फायली उपसत होती. तुझी बाकी सगळी पत्रं मिळाली म्हणाली, "पण बाई, तिसऱ्या वर्षाचं दुसरं पत्र नाही. नक्कल आहे, मूळ नाही. असं कसं?"

मी म्हटलं, "ओल लागली असेल. त्या कपाटात उंदीरही होते."

तिने विश्वास ठेवला. माझ्यावर सगळे विश्वास ठेवतात. एवढ्या वर्षांची कमाई.

दि. १७ जून

तीन दिवस हे पत्र तसंच पडून होतं. इथवर जे लिहिलं ते आता वाचलं, तर तू ओळखशील अशा ताईचं पत्र आहे. सगळ्यांना चिमटे, आणि स्वतःला एकही नाही. पुढचं सरळ लिहिते.

पत्रांची पद्धत तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तिच्यातच सगळं आहे. तुम्ही दर तीन महिन्यांनी समितीच्या चिटणीसांच्या नावाने पत्र पाठवायचं. ते माझ्या टेबलावर यायचं. चर्चच्या मंडळ्यांतून मोठ्याने वाचायचं, म्हणून मी ते आटोपशीर करून नक्कल काढायची. समितीसमोर जायची तीही नक्कलच. मूळ पत्र फायलीत. समितीशी जे बोलायचं ते याच पत्रात लिहायचं, वेगळं खासगी पत्र कुणी घालायचं नाही, हा नियमही माझाच. ओळखीपाळखीने कामं होऊ नयेत म्हणून केला होता. चांगला नियम होता. वाचणारी मी आहे, एवढंच त्यात धरलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी सगळेच रडतात. हे मी उगाच म्हणत नाही; शेकडो पत्रं हाताखालून गेली होती. भाषा येऊ लागलेली असते, म्हणून लोक मागून काय बोलतात तेही कळू लागतं. घरचे लिहायचे कमी होतात. आणि पत्र येतं, 'आम्हाला परत बोलवा.' मी त्याला तिसऱ्या वर्षाचं रडगाणं म्हणत असे. ती ओळ मी गाळायची, समितीला त्रास द्यायचा नाही, आणि एक तिमाही थांबायचं. पुढचं पत्र हमखास बरं यायचं. दरवेळी. मला वाटायचं, ही माझी अक्कल.

तुझ्या पत्रात शेवटचं अर्धं पान होतं. मास्तरांचे कान सात महिने वाहत आहेत, ताप जात नाही, डावीकडून बोललेलं त्यांना कळत नाही, दवाखाना चार दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथे या दुखण्याचा डॉक्टर नाही. उपचारापुरतं तरी घरी येऊ द्या.

ते अर्धं पान मी गाळलं.

चिटणीसांनी नाही. समितीने नाही. त्यांनी ते कधी पाहिलंच नाही. तू परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात, नक्कल पाहून, स्वयंपाकघरात मला विचारलंस, "ताई, ते वरून, चिटणीसांनी गाळायला सांगितलं का?" मी होकारार्थी मान हलवली. तोंडाने खोटं बोलले नाही, असं त्या वेळी मी स्वतःला समजावलं. नन्सच्या शाळेत शिकलेल्या मुलीला एवढा बारीक हिशेब येतो.

का गाळलं, तेही ऐक. रडगाणं समजून गाळलं, असं सांगितलं तर तू कदाचित मान्यही करशील. पण कान वाहणं म्हणजे रडगाणं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याच महिन्यात दुसरं एक जोडपं आठ महिन्यांतच परत आलं होतं, आणि बैठकीत एकाने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "बाईंच्या तयारीत हल्ली कच्चं राहतंय." त्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझी सख्खी बहीण परत आली असती. म्हणून मी एक तिमाही थांबले. नेहमीसारखी.

आणि पुढचं तुझं पत्र खरोखर बरं आलं. तक्रार नाही, मागणी नाही, शाळेत किती मुलं आली ते लिहिलेलं. मी म्हटलं, बघा! तू बरी झाली नव्हतीस, मुकाट झाली होतीस, हे मला अक्षरावरूनही कळलं नाही. मला, जिने तुला अक्षर गिरवायला शिकवलं.

दोन वर्षांनी तुम्ही आलात. कानांचा डॉक्टर तुला काय म्हणाला ते मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. 'दीड वर्ष आधी आणायला हवं होतं.' तू त्याला म्हणालीस, "आम्ही विचारलं होतं."

काल मी चिटणीसांकडे गेले. ते आता पुतण्याकडे राहतात, मागच्या खोलीत. पलंग, खुर्ची आणि खिडकीत औषधं. नजर अधू झाली आहे. बाबा नव्हते म्हणून तुझ्या लग्नात तुझा हात धरून वेदीपर्यंत आलेला माणूस, आणि सोळा वर्षं तू त्याला उपासनेच्या दारात सलामसुद्धा केला नाहीस, मंडळीही बदललीस. त्यांनी कुणाला कधी कारण विचारलं नाही. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही.

मूळ पत्र माझ्याकडेच आहे, कपड्यांच्या कपाटात. उंदीर बिंदीर काही नव्हते. ते घेऊन गेले होते. झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "मला वाचता येत नाही आता. वाच."

"शेवटचंच वाचू?"

"सगळं वाच. माझ्या नावाने आलं होतं ना?"

मी वाचलं. तीन पानं. शेवटच्या अर्ध्या पानाला माझा आवाज ठीक होता; त्याचं मला घरी आल्यावर जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, "मला वाटायचं, पोरीशी मीच काहीतरी वाईट वागलो. रोज आठवून बघायचो, काय ते."

मी म्हटलं, "माझी चूक आहे. मी समितीला लेखी देते."

"समितीचं नंतर बघ," ते म्हणाले. "धाकटीला सांगितलंस का?"

"नाही."

"मग इथे कशाला आलीस आधी?"

उठले आणि घरी आले. पुतण्याची बायको चहा घ्या म्हणत होती, तोही घेतला नाही.

दि. १८ जून

संचालिकेला सकाळी सगळं सांगितलं. ती या वेळी हसली नाही. यापुढे मूळ पत्र सगळ्या समितीपुढे जाईल, मधे कुणी हात लावणार नाही, असं तिने माझ्यासमोर नियमात लिहिलं. त्या नर्सला मी स्वतः गाठलं आणि सांगितलं, की तुझ्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर खोटं होतं. तिने विचारलं, "मग तुमच्या बहिणीचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, ते तिलाच विचारावं लागेल.

तुझं मूळ पत्र सोबत पाठवते आहे. ते तुझं आहे. मास्तरांना काय सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुझं तू बघ. त्यात मी पडत नाही. चिटणीस फार दिवस काढतील असं वाटत नाही. जायचं असेल तर माझ्यासाठी थांबू नकोस, मी त्या दिवशी तिथे नसेन.

माफी मागायची म्हणून चार वाक्यं लिहिली होती, ती फाडली. ती वाचताना तूच मला समजावायला बसली असतीस, आणि ते काम मी तुझ्यावर टाकणार नाही.

एकच विचारायचं आहे. मला तुमच्याकडे यायचं आहे. मास्तरांच्या समोर बसून, त्यांना दिसेल अशा अक्षरात, हे मला स्वतः लिहायचं आहे. पण येऊ का? तेव्हा घरी येऊ का म्हणून तू विचारलंस, आणि तुझ्या वतीने मी ठरवून टाकलं. या वेळी विचारते मी आहे, ठरवणार तू. नाही म्हणालीस तर ते मी जसंच्या तसं वाचेन. काहीच लिहिलं नाहीस, तर तू बरी आहेस असा अर्थ मी यापुढे काढणार नाही.

जिच्यावर तू विश्वास ठेवलास ती,
ताई